अनुभव धागा: सुडोने घेतलेला अधिकार तुम्ही परत कसा करता?

सुडो म्हणजे लिनक्समध्ये एखादी कमांड रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी युजरच्या, अधिकाराने चालवायची सोय. आज एका नव्या सहकाऱ्याच्या स्क्रीनवर कमांड लिहायच्या ओळीत साध्या युजरच्या डॉलरच्या जागी रूटचा हॅश दिसला. नुसत्या फाइली वाचायलाही तो रूट शेलमध्येच बसला होता. पहिल्या नोकरीतल्या मॅडम आठवल्या. खुर्चीतून उठण्याआधी त्या 'सुडो -के' टाकायच्याच. एकदा पासवर्ड दिला की सुडो काही काळ पुन्हा विचारत नाही: मूळ सुडोत 5 मिनिटं, उबुंटूत 15. तेवढ्यात दुसरं कुणी कीबोर्डवर बसलं तर? -के ती मुभा तिथेच संपवतं. तुमच्या सवयी लिहा.

रात्रपाळी
व्हिसुडो!!! कितीही घाई असली तरी. सुडोअर्स फाइल (सुडोने कुणाला काय करता येईल त्याचे नियम) साध्या एडिटरने उघडायची नाही, जतन करण्याआधी चुका तपासणाऱ्या व्हिसुडोनेच. जुन्या आवृत्त्यांत एक ओळ चुकली की सुडो बंद, आणि ती दुरुस्त करायला सुडोच हवा. मी दुसऱ्या खिडकीत रूट शेल उघडं ठेवते, तिसरीत सुडो चालतोय हे बघूनच ते बंद करते. बाकी नंतर, मुलीला क्लासला सोडायचंय.

कर्सर
+1 दुसऱ्या खिडकीला

जुना_लॉग
बाहेरच्या माणसाला 'फक्त लॉग बघायला' म्हणून सुडोने लेस (फाइल वाचायची कमांड) दिलेलं होतं. लेसमध्ये उद्गारचिन्ह देऊन शेल उघडतं, तेही रूटचं! व्हिम एडिटरचंही तेच. डेबियनवर बहुतेक लॉग वाचायला त्याला एडीएम ग्रुपमध्ये घातलं तरी पुरतं. फाइल बदलायचीच असेल तर सुडोएडिट द्या. एडिटर त्या माणसाच्याच अधिकारात तात्पुरत्या प्रतीवर चालतो, मग प्रत जागेवर जाते.

नवखा_७
मध्येच विचारतो, सॉरी. सुडो एको (मजकूर छापणारी कमांड) करून बाणाच्या चिन्हाने (>) ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरमधल्या फाइलमध्ये ओळ घालतोय, तरी परवानगी नाही म्हणतंय??

जुना_लॉग
बाणाचं चिन्ह तुझं शेल हाताळतं रे, सुडो नाही. एको साधाच ठेव आणि पाइपने (|) 'सुडो टी -ए'ला दे, टी तो मजकूर फाइलमध्ये लिहितं. -ए सोडलंस तर आधीचा मजकूर जाईल.

नवखा_७
झालं! धन्यवाद दादा

पॅचवाली
जानेवारी 2021, सुडोतला बॅरन सामेडिट नावाचा सुरक्षा दोष. आठवतंय ना? सुडोअर्समध्ये नावही नसलेला स्थानिक युजर रूट होऊ शकत होता, आणि दोष 2011 पासून कोडमध्ये. सगळे सर्व्हर अपडेट होईपर्यंत कुणी घरी गेलं नाही. नियम कितीही चोख लिहा, सुडोचं अपडेट मागे ठेवू नका.

कर्सर
बाप रे, ती रात्र. तुमच्या टीमला सलाम.

रात्रपाळी
आले परत. ठरावीक मुदतीचं काम असेल तर नियमात नॉटआफ्टर (नियम कधीपर्यंत चालेल ती वेळ) लिहा, सुडोच्या 1.8.20 आवृत्तीपासून चालतं. वेळ उलटली की नियम आपोआप लागू होत नाही, काढायची आठवण कुणाला ठेवावी लागत नाही. शेवटी झेड लिहिलं की वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरली जाते, तेवढं बघा. सुडोअर्स-डी फोल्डरमध्ये वेगळी फाइल करा, पण नावात टिंब नको. टिंब असलेली फाइल सुडो वाचतच नाही.

पॅचवाली
थांब. आधीच्या टीमने ठेवलेल्या आमच्या एका फाइलच्या नावात शेवटी डॉट कॉन्फ आहे!

रात्रपाळी
'सुडो -एल -यू' (यू मोठ्या लिपीतला) आणि पुढे त्या युजरचं नाव. नियम दिसतो का?

पॅचवाली
नाही दिसत. नाव बदलण्याआधी आत काय काय दिलंय ते वाचते, मग नियमांतल्या चुका तपासायला व्हिसुडो -सी.