ऑफिसातल्या सगळ्या पीसीवरचं क्रोम, एज एकाच जागेवरून कंट्रोल कसं करायचं?

वेर्णा_आयटी
नमस्कार मंडळी, वेर्ण्याला एका फॅक्टरीत आयटी बघतो, साधारण 80 पीसी, बहुतेक डोमेनला (कंपनीच्या मध्यवर्ती सर्व्हरला) जोडलेले पण पणजीच्या सेल्स ऑफिसातले लॅपटॉप विंडोज होमवर आहेत ते डोमेनमधे येतच नाहीत. लोक क्रोममधे वाट्टेल ती एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम) टाकतात, परवा अकाउंट्समधल्या एका मशीनवर पीडीएफ कन्व्हर्टर म्हणून घेतलेल्या एक्स्टेन्शनने सर्च इंजिनच बदलून टाकलं आणि त्याच ब्राउझरात बँकेचं लॉगिन चालतं, खरंच काळजी वाटतेय. बजेट मिळणार नाही. शिवाय परचेसचं एक जुनं सॉफ्टवेअर फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमधे चालतं, त्याचं काय करू?

फोंड्याचा_अ‍ॅडमिन
पैसे लागत नाहीत रे. डोमेनमधल्या सगळ्या पीसींना एकदम सेटिंग लावायची विंडोजची सोय म्हणजे ग्रुप पॉलिसी, ती वापर. गूगलच्या साइटवरून क्रोमच्या एडीएमएक्स फाइल्स (त्यात क्रोमची सेटिंग दाखवणारे साचे) घे, सिसव्हॉलमधल्या (डोमेन सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरमधल्या) पॉलिसी डेफिनिशन्स फोल्डरात टाक, सोबतची एडीएमएल (त्याच साच्यांची भाषेची फाइल) भाषेच्या फोल्डरात टाकायला विसरू नको नाहीतर एडिटर उघडताना एरर देतो. मग ग्रुप पॉलिसीत एक्स्टेन्शन ब्लॉकलिस्टला नुसता * (म्हणजे सगळी बंद) आणि जी हवीत त्यांचे 32 अक्षरी आयडी अलाउलिस्टमधे. पण * लावलास की आधीपासून असलेली एक्स्टेन्शनही बंद पडतात, म्हणून आधी कोण काय वापरतंय ते विचारून घे आणि एकाच डिपार्टमेंटवर चालवून बघ, चवथीच्या सुट्टीच्या तोंडावर तर मुळीच लावू नको. पॉलिसी लागली की नाही ते मशीनवर अ‍ॅड्रेसबारात क्रोम://पॉलिसी टाकून दिसतं.

म्हापसेकरीण
पणजीच्या लॅपटॉपना गूगलचं क्लाउड मॅनेजमेंट लाव, बेसिक फुकट आहे, एनरोलमेंट टोकन (नोंदणीचा कोड) टाकलं की डोमेन नसलं तरी पॉलिसी जाते. एक्स्प्लोरर मायक्रोसॉफ्टने 15 जून 2022 ला बंद केला, आता एजमधला आयई मोड (एजच्या आतच एक्स्प्लोररसारखी साइट उघडायची सोय) वापर, त्या मोडमधे उघडायच्या साइट लिस्टच्या एक्सएमएल फाइलमधे फक्त त्या सॉफ्टवेअरचा पत्ता घाल, निदान 2029 पर्यंत तो चालेल असं त्यांनी सांगितलंय. पण परचेसवाल्यांना आत्तापासूनच नवीन व्हर्जनसाठी मागे लाग.

वेर्णा_आयटी
दोघांचेही आभार! ब्राउझरात पासवर्ड सेव्ह करणंही लगेच बंद करू का? आणि दोघा-तिघांकडे फायरफॉक्स आहे.

फोंड्याचा_अ‍ॅडमिन
फायरफॉक्सचे एडीएमएक्स वेगळे मिळतात, किंवा इन्स्टॉल फोल्डरात डिस्ट्रिब्युशन नावाचा फोल्डर करून त्यात पॉलिसीज डॉट जेसन ठेव. पासवर्डचं मात्र घाईने करू नको, आधी लोकांना एखादा पासवर्ड मॅनेजर दे, शिकव, नाहीतर उद्या सगळे पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवर दिसतील.