मदत हवी आहे: 'आवडीचा प्रश्न' म्हणून बंद केलेला बग परत कसा मांडू?

अर्धीनजर:
मंडळी, मदत हवीये आणि थोडं मन पण मोकळं करायचंय, त्यामुळे पोस्ट लांबणार, आधीच सॉरी.

मला दिसतं, पण कमी. स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) लागावा इतकं कमी नाही आणि चष्म्याने भागावं इतकं बरंही नाही, मधल्यामधे लटकलोय. म्हणून मॅग्निफायर, म्हणजे पडदा मोठा करून दाखवणारं भिंग, कायम चालू, दुपटीवर. दुप्पट ऐकायला छान वाटतं, पण हिशोब करा, रुंदी अर्धी, उंची अर्धी, म्हणजे एका वेळी पडद्याचा पाव भाग दिसतो, आणि तो पाव भाग माउसच्या मागे मागे पळतो. आता मी डावीकडे एक ओळ वाचतोय आणि खाली जायचंय. माउस उजव्या कडेला न्यायला लागलो की भिंगही उजवीकडे, वाचत होतो ती ओळ गेली. कडेला पोचावं तर तिथे काहीच नाही, कारण स्क्रोलबार लाजाळूचं झाड आहे, माउस जरा थांबला की मिटला. मग परत हलवायचा, केसाएवढी रेघ उगवते, नेमकं तिच्यावर गेलं तर ती जाड होते, तेवढ्यात हात हलला की खिडकीची कड हातात येते आणि खिडकीच लहान होते. दिवसातून किती वेळा ते मोजणं मी सोडून दिलंय.

स्क्रोलबार कायम दाखवायचं सेटिंग आहे, माहितीये. ॲक्सेसिबिलिटीच्या (अपंगांसाठीच्या सोयींच्या) पानावर, पार खाली. ते शोधायला मला स्क्रोल करावं लागलं!

लिनक्सवर आहे, पण कुठला डेस्कटॉप ते मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की ग्नोम विरुद्ध केडीई (लिनक्सचे दोन मोठे डेस्कटॉप) सुरू होतं आणि मूळ प्रश्न राहतो बाजूला. तर तो डेस्कटॉप बनवणाऱ्यांकडे मी इश्यू (बगची नोंद) टाकला की मॅग्निफायर चालू केला की स्क्रोलबार आपोआप कायम दिसावा. उत्तर आलं की सेटिंग आहे, बाकी दिसण्याचा प्रश्न आवडीचा, डिझाइन ठरलेलं आहे. इश्यू बंद. माणूस उद्धट नव्हता हेही सांगतो, दोन ओळींत नीट उत्तर दिलं, पण त्याला मी रंग बदलून मागणारा वाटलो.

तर आवडनिवड वाटणार नाही असं कसं लिहू? आणि तोवर त्या भिंगाचं काय करू?

टर्मिनलवाला:
स्क्रोलबार लागतोच कशाला, पेज डाऊन दाबा की.

अर्धीनजर:
पेज डाऊनने अख्खं पान पुढे जातं हो, आणि मला दिसतो पाव पडदा. कुठे थांबलो होतो ते शोधत बसायचं.

जुनंखोड:
सेटिंग्ज किती द्यायची हे भांडण जुनं आहे. २००१ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने ग्नोमवर वापराची चाचणी घेतली होती, माणसं बसवून, कुठे अडतात ते बघून. त्यानंतर २००२ मध्ये ग्नोम २ आलं आणि सेटिंग्जची जंत्री भराभर कापली गेली. विचार असा की प्रत्येक पर्याय फुकट नसतो, तो तपासावा लागतो, सांभाळावा लागतो, बाकीच्या पर्यायांशी त्याचं जुळतंय का बघावं लागतं. मला तेव्हा राग आला होता, आज तितका येत नाही, कारण स्वतः एक छोटं ॲप सांभाळतो आणि चेकबॉक्स मागणारे रोज भेटतात.

गंमत म्हणजे ॲक्सेसिबिलिटीचं बरंचसं काम पण त्याच सनच्या पैशावर चालायचं, ऑर्का स्क्रीन रीडर तिथेच वाढला. २०१० मध्ये ऑरेकलने सन घेतली आणि त्या कामावरची माणसं कमी झाली. पुढच्याच वर्षी ग्नोम ३, मग त्यावर चिडून जुनं ग्नोम २ पुढे चालवणारं माते निघालं, लिनक्सचे जनक टॉरव्हाल्ड्स काही काळ एक्सएफसीई या दुसऱ्या डेस्कटॉपवर गेले, वगैरे. सगळे मिनिमाइझ बटणावरून भांडत होते. ऑर्काचं काय चाललंय हे विचारणारे फार थोडे.

उंदीरमार:
मी त्या थोड्यांतला. अजिबात दिसत नाही, माउस वर्षानुवर्षं हातात घेतला नाही. तुमचा स्क्रोलबार असला नसला मला सारखाच. माझं दुखणं वेलँड, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणारी नवी यंत्रणा. जुन्या एक्स ११ वर कुठलाही प्रोग्रॅम कीबोर्डची सगळी बटणं ऐकू शकायचा, सुरक्षेच्या दृष्टीने ते वाईटच, पण स्क्रीन रीडरला तेच लागतं, मी दुसऱ्या खिडकीत असलो तरी ऑर्काला त्याची बटणं कळायला हवीत. वेलँडने ते दार बंद केलं आणि ऑर्काही बाहेर राहिला. ग्नोम ४८ मध्ये, म्हणजे मार्च २०२५ ला, ऑर्कासाठी वेगळी वाट काढली. केडीईने त्याच्या वर्षभर आधी त्यांच्या प्लाझ्मा ६ डेस्कटॉपमध्ये वेलँड डिफॉल्ट करून टाकलं होतं. आधी दार लावायचं आणि किल्ली नंतर करायची, हा क्रम मला अजून पटत नाही.

तुमच्या इश्यूबद्दल सांगतो, तुम्ही उपाय मागितलात, अडचण सांगितलीच नाहीत. वर इथे जे लिहिलंय, ओळ जाते, खिडकी लहान होते, ते तिथे लिहिलं होतं का?

अर्धीनजर:
नाही. तिथे दोन वाक्यं होती. इथे तुम्ही ऐकाल म्हणून लिहिलं.

मंदप्रकाश:
माझं जरा वेगळं मत आहे, रागावू नका. मला मायग्रेन आहे, झूम मीही वापरते पण कडेला सतत एक ठळक पट्टा असला की तासाभरात डोकं धरतं. आपोआप चालू होणार असेल तर मला बंद करता आलं पाहिजे. तुमच्यासाठी जे ॲक्सेसिबल तेच माझ्यासाठी त्रास असू शकतं, हे इश्यूत लिहा, नाहीतर उद्या माझाच बग येईल तुमच्या बगवर.

खिळेमोळे:
एका छोट्या प्रोजेक्टवर बग चाळायचं काम करतो, त्यामुळे पलीकडच्या बाजूने सांगतो. 'असावं', 'पाहिजे' असं मथळ्यात दिसलं की डोकं आपोआप 'मागणी' असा शिक्का मारतं. मथळ्यात काय जमलं नाही ते लिहा. खाली पायऱ्या: झूम किती, कुठलं ॲप, माउस कुठून कुठे, काय हातात आलं. मोबाइलने पडद्याचा व्हिडिओ काढून जोडा, तो केसाएवढा पट्टा दिसला की वाद निम्मा होतो. डब्ल्यूसीएजीचे (वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या नियमांचे) आकडे द्या, बटणं वगैरे भागांना आजूबाजूशी ३:१ कॉन्ट्रास्ट, आणि २०२३ च्या २.२ आवृत्तीत दाबायच्या जागेला किमान २४ बाय २४ पिक्सेल. हे नियम वेबसाठी आहेत, त्यात अपवादही आहेत, तेव्हा कायदा दाखवल्यासारखं नको, मोजपट्टी म्हणून द्या. आणि बंद इश्यूवर भांडू नका, नवा उघडा, जुन्याची लिंक द्या.

भिंगाचं: माउस ट्रॅकिंग 'पुश' वर टाकून बघा. मग भिंग माउसमागे पळत नाही, माउस दिसणाऱ्या भागाच्या कडेला टेकला तरच सरकतं. केडीईत झूम इफेक्टच्या सेटिंगमध्ये आहे, ग्नोममध्ये डीकॉन्फ एडिटर (लपलेली सेटिंग्ज बदलायचं ॲप) उघडून मॅग्निफायरखाली. शिवाय फायरफॉक्समध्ये एफ७ दाबलं की वाचायच्या मजकुरात कर्सर येतो, बाणाने ओळ ओळ खाली जायचं, कॅरेट ट्रॅकिंग चालू असेल तर भिंग त्याच्याबरोबर येतं. सगळ्या ॲपमध्ये चालेल असं नाही.

टर्मिनलवाला:
एफ७ मलाच माहीत नव्हतं. वरचं पेज डाऊन मागे घेतो.

अर्धीनजर:
पुश लावलं. पहिली दहा मिनिटं चक्रावल्यासारखं झालं, आता बरंय, ओळ जागेवर राहते. एफ७ ब्राउझरमध्ये मस्त, फाइल मॅनेजरमध्ये अर्थातच नाही.

नवा मथळा असा केलाय: 'दुप्पट झूममध्ये लांब यादीच्या तळाशी माउसने पोचता येत नाही, खिडकीचा आकार बदलतो'. मंदप्रकाश, तुमचा मुद्दा वेगळा परिच्छेद म्हणून घातलाय, बंद करायची सोय हवीच असं. टाकण्याआधी कोणी झूम दुपटीवर ठेवून शंभरेक फाइलींच्या फोल्डरमध्ये तळाशी जाऊन बघेल का? फक्त माउसने, चाक न वापरता. खिडकीची कड किती वेळा हातात आली तेवढं सांगा.

उंदीरमार:
माउस शोधतोय. घरात होता कुठेतरी.