वाचून दाखवायला बोलीतल्या कादंबऱ्या सुचवा

तुरपाई

नमस्कार. पुस्तकांवरचे धागे इथे बरेच आहेत, पण माझी गरज जरा वेगळी आहे म्हणून नवा काढते.

बाबा ७८ वर्षांचे आहेत. काचबिंदूने नजर गेली, आता उजेड-अंधार तेवढा कळतो. दिवाळीपासून आमच्याकडे पुण्यात असतात. सगळा जन्म अमरावती जिल्ह्यात गेला, तालुक्याच्या गावी शिवणकामाचं दुकान होतं. गिऱ्हाईक नसलं की मशीनच्या फळीवर वाचनालयाचं पुस्तक उघडं असायचं. अशा माणसाला दिवसभर नुसतं बसून राहणं फार जड जातं.

आधी मोबाइलवर ऑडिओ पुस्तकं लावून दिली. चार दिवस ऐकली आणि म्हणाले, "राहू दे बाई, बातम्या आयकल्यावानी वाटते." मग मीच वाचायला बसले. कपाटात उद्धव शेळक्यांची 'धग' होती. १९६० सालची कादंबरी, मी कॉलेजात परीक्षेपुरती वाचलेली. संवाद सगळे वऱ्हाडी. पहिल्या संध्याकाळी मी ते नकळत पुण्याच्या मराठीत वळवून वाचत होते. इतकी वर्षं इथे काढल्यावर जीभ तशीच वळते. बाबांनी थांबवलं. "तसं लिवलं हाये का तिथं?" मग जसं छापलंय तसंच वाचू लागले. आई गेल्यापासून हे 'मले', 'तुले', 'कायले' माझ्या तोंडात आले नव्हते.

एकोणीस संध्याकाळी लागल्या. ऐकताना बाबांचा हात मांडीवरच्या चादरीची कड दुमडत असतो. आधी एक बारीक घडी, मग दुसरी, तुरपाईला घेतात तशी. कौतिक घर चालवायला दुसऱ्याच्या वावरात राबते, नवऱ्याचं कामात मन नाही, अशी पानं आली की हात थांबायचा. त्या नवऱ्याचं, महादेवाचं दुखणं सुरू झालं तेव्हा मला वाटलं, पुरे आता, दुसरं काहीतरी काढू. तर म्हणाले, "वाच. थांबू नोको."

आता पुस्तक संपलंय आणि संध्याकाळ झाली की ते विचारतात, आज काय? वऱ्हाडीच हवी असं नाही. पण माणसं आपल्या गावचं बोलतात अशी कादंबरी हवी, आणि मोठ्याने वाचायला चांगली. नुसती नावं नकोत, तुम्ही स्वतः वाचून काय वाटलं तेही लिहा.

पैनगंगा

'बारोमास' घ्या, सदानंद देशमुखांची. बुलढाण्याकडची वऱ्हाडी आहे, बाबांच्या कानाला अगदी जवळची. २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे तिला. एकनाथ एम.ए. बी.एड. करून घरी बसलाय, कारण नोकरीसाठी संस्थेला द्यायला पैसा नाही, आणि शेती घरादाराला पुरत नाही. मी मागच्या उन्हाळ्यात वाचली. मधे मधे लांबते, पण घरातल्या भांडणांत एक वाक्यही खोटं वाटत नाही. आमच्या घरी हीच भांडणं याच शब्दांत झालीत.

एक सांगतो. माझ्या वडिलांना ही वाचून दाखवायची हिंमत मला झाली नाही. ते अजून शेती करतात.

सांजवेळ

तुरपाई, तुमचं वाचून गलबलून आलं. पण या वयात इतकं दुःखाचं कशाला वाचता? पुलंचं 'व्यक्ती आणि वल्ली' घ्या ना. अंतू बर्वा रत्नागिरीच्याच बोलीत बोलतो, आणि एका बैठकीत एक माणूस संपतो. माझ्या आईला मी तेच वाचून दाखवते, ती खुश असते.

माणगंगा

'बनगरवाडी'. व्यंकटेश माडगूळकर, १९५५.

यावर थोडं जास्त लिहितो, कारण गेल्या महिन्यातच चौथ्यांदा वाचली. कोवळ्या वयाचा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो. पोरं मेंढरांमागे, शाळेत यायचं कोणी? मग मास्तर लोकांची कागदपत्रं लिहून देतो, तालुक्याची कामं करून देतो, हळूहळू वाडीचा होऊन जातो. सगळे मिळून तालीम बांधतात. आणि मग दुष्काळ.

निवेदन प्रमाण भाषेत आहे, संवाद माणदेशी. वाचणाऱ्याला हे सोयीचं पडतं, दम मिळतो. माडगूळकरांची वाक्यं लहान, एकात एक गुंतलेली नाहीत, त्यामुळे मोठ्याने वाचताना कुठे श्वास अडत नाही. पहिल्यांदा ही गोष्ट लक्षात आली नव्हती. या वेळी बायकोला काही पानं वाचून दाखवली तेव्हा जाणवली. शेवटची पानं मात्र सावकाश वाचा. वाडी रिकामी होते तिथे लेखक आवाज जरासुद्धा चढवत नाही. आपणही चढवू नये.

हीच भाषा आवडली तर मग 'माणदेशी माणसं'. त्यात रोज एक माणूस पुरतो.

तेरणाकाठ

सांजवेळ यांचा हेतू चांगला आहे, पण मला हे पटत नाही. म्हातारं माणूस म्हणजे हलकंफुलकंच ऐकवायचं, हे आपण परस्पर ठरवून टाकतो. ज्यांनी आयुष्यभर पाहिलंय, सोसलंय, त्यांना पुस्तकातलं दुःख झेपत नाही असं नसतं. उलट आपलं कोणीतरी लिहून ठेवलंय याचा आधार वाटतो. त्यांच्या वडिलांनी स्वतः "थांबू नोको" म्हटलंय. अंतू बर्वा सुंदरच आहे, पण तो पुस्तकाचा एक भाग झाला, बाकीचं पुस्तक बोलीतलं नाही.

तुरपाई, तुमचे वडील शिंपीकाम करायचे ना? मग तुमच्यासाठी एकच पुस्तक, रा. रं. बोराडे यांचं 'पाचोळा', १९७१. मराठवाड्यातल्या एका खेड्यातला गंगाराम शिंपी, आणि गोष्ट सांगते त्याची बायको. इथे नुसते संवाद नाहीत, अख्खी कादंबरीच तिच्या बोलीत आहे. एखादी बाई उंबऱ्यात बसून दुसरीला सांगते तसं. लहान आहे, आठवड्यात होईल. मनात वाचायला सुरुवातीला अवघड जातं, मोठ्याने वाचलं की आपोआप सुटत जातं. मी ती आधी दोनदा अर्ध्यात ठेवली होती. तिसऱ्यांदा आजीला वाचून दाखवायला घेतली आणि पूर्ण झाली. बोराडे सर २०२५मध्ये गेले, त्याच आठवड्यात पुन्हा काढून वाचली. एवढ्याशा पुस्तकात घर कसं मोडत जातं ते त्यांनी जसं दाखवलंय, तसं मला मोठमोठ्या कादंबऱ्यांत सापडलेलं नाही.

कोकणवाट

पेंडशांचा 'गारंबीचा बापू', १९५२. दापोली-हर्णैकडचा परिसर, सुपारीच्या बागा, आणि गावाला न जुमानणारा बापू. राधा तर विसरूच शकत नाही. वाचून दाखवायला रंगतदार आहे.

लिंबोणी

मी तीन वर्षं दर शनिवारी दृष्टिहीन मुलींच्या वसतिगृहात वाचायला जाते, म्हणून पुस्तकाआधी थोडं वाचण्याबद्दल.

आपल्याला पानावर अवतरणचिन्हं दिसतात, नवी ओळ दिसते. ऐकणाऱ्याला त्यातलं काहीच नसतं. तीन माणसं एकाच खोलीत बोलत असली की कोण बोललं ते हरवतं. मी आता सरळ आधी नाव घेते, "कौतिक म्हणते", आणि मग वाक्य. लेखकाने लिहिलेलं नसलं तरी. सुरुवातीला हा लेखकावर अन्याय वाटायचा. मग एका मुलीने सांगितलं की त्याआधी तिला अर्धं पुस्तक कळलंच नव्हतं.

दुसरं, आवाज काढून नक्कल करू नका. बायकांचा आवाज बारीक, पाटलाचा जाड, असं केलं की ऐकणाऱ्याचं लक्ष आपल्याकडे जातं, पुस्तकाकडे राहत नाही. आणि बोली आपली नसेल तर आदल्या रात्री ती पानं एकदा स्वतःशी मोठ्याने वाचून ठेवा. अडखळायचं ते तिथेच अडखळून होतं.

पुस्तक म्हणाल तर लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. कादंबरी नाही, आत्मचरित्र आहे, १९३४पासून भागाभागाने आलेलं. खेड्यातली बोलीही नाही. पण लिहिणं-वाचणं लग्नानंतर शिकलेली बाई बोलते तसंच लिहिते, म्हणून सुचवते. वडिलांचं सोवळं इतकं कडक की घरात आलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचे, ही हकिकत वाचली तेव्हा मुली इतक्या हसल्या की मला थांबावं लागलं. आणि नवरा, कवी ना. वा. टिळक, ख्रिस्ती झाल्यावर मागे राहिलेल्या लक्ष्मीबाईंचे दिवस ऐकताना त्याच मुली एकदम गप्प झाल्या.

पैनगंगा

लिंबोणी, नाव आधी घ्यायची युक्ती लिहून ठेवली. तेरणाकाठ, तुमचं वाचून वाटतंय की मीही घरी 'बारोमास' काढावी. या आठवड्यात वडिलांना विचारतो.

रानवाट

अजून कोणी 'फकिरा'चं नाव कसं घेतलं नाही? अण्णा भाऊ साठे, १९५९. फकिराचा बाप राणोजी जोगणी, म्हणजे जत्रेचा मान, आणतो तो भाग एका दमात वाचा, मधे उठता येणार नाही. आमच्या गावात रात्री पारावर एक जण वाचायचा आणि वीस जण ऐकायचे, त्यात मी लहानपणी होतो.

नव्यातलं हवं असेल तर कृष्णात खोतांचं 'रिंगाण', २०२३चा साहित्य अकादमी. धरणामुळे उठलेलं गाव आणि मागे रानात राहिलेली म्हैस. कोल्हापूरकडची बोली. मला फार आवडलं, पण सावकाश उलगडतं. ऐकणाऱ्याकडे धीर हवा.

तुरपाई

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांनी येतेय.

सांजवेळ, राग मानू नका. तुमचा निरोप बाबांना सांगितला, अंतू बर्वा वाचलाही. हसले. मग म्हणाले, "आता कादंबरी काढ."

'पाचोळा' वाचनालयात मिळालं. लिंबोणींचं ऐकून आदल्या रात्री पानं वाचून ठेवते, तरी पहिल्या दोन दिवशी जीभ सारखी वऱ्हाडीकडेच वळत होती. बाबांच्या ते लगेच लक्षात येतं. काही शब्द आम्हा दोघांनाही अडलेत. तेरणाकाठ, त्या पानांचे फोटो खाजगी निरोपात पाठवते, अर्थ सांगाल का?

यानंतर 'बनगरवाडी', ती आणून ठेवली आहे. 'बारोमास' त्यांनीच मागितली, तिसरी.

काल वाचन थांबवल्यावर बराच वेळ बोलले नाहीत. चादरीची कड हातातच होती. मग विचारलं, "त्या गंगारामाची मशीन कोनती हाये?" म्हटलं, पुढे येईल तर सांगते.