मिठागराचे चित्र मुखपृष्ठासाठी देताना काय लिहून घ्यावे?

खारवट: गेली दोन वर्षे मी पेण-उरणकडच्या मिठागरांची चित्रे ॲक्रिलिकमध्ये करत आहे. त्यांतले एक चित्र एका दिवाळी अंकाला मुखपृष्ठासाठी हवे आहे. त्यात वर उन्हाने पांढरे पडलेले आकाश आणि तळाशी मीठ ओढणारी चार माणसे आहेत. मानधन थोडे असले तरी अंक मला आवडतो, म्हणून द्यायचे आहे. मात्र पूर्वी एकदा मी तोंडी बोलण्यावर चित्र दिले आणि पुढल्या वर्षी ते मला न विचारता, खालचा भाग कापून, एका दिनदर्शिकेवर छापलेले पाहिले. शिवाय हे मूळ चित्र गेल्या महिन्यात विकले गेले आहे. मग परवानगी कोणी द्यायची?

कागदपत्र: तुम्हीच. कॅनव्हास विकला म्हणून छापण्याचा हक्क विकला जात नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो लेखी दिल्याशिवाय चित्रकाराकडेच राहतो. मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे उलट करार नसेल तर हक्क काम सांगणाऱ्याचा ठरतो. संपादकांना परवाना द्या, हक्क देऊ नका, आणि 'या वर्षीच्या अंकाचे मुखपृष्ठ व त्याची जाहिरात, एवढ्यापुरतेच' असे स्पष्ट लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर संपूर्ण भारत. तेवढ्या काळात एक चित्र कुठेही पोहोचू शकते.

शाईवाला: मी मुखपृष्ठांची मांडणी करतो, म्हणून आधी विचारतो: चित्र घरातून जाण्यापूर्वी त्याचा चांगला फोटो काढला होता का? छपाईच्या आकाराला ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) मिळाले नाहीत तर ग्राहकाकडे जाऊन पुन्हा काढावा लागेल. पांढऱ्यातल्या फिकट पिवळसर छटा छपाईत सहज उडतात, त्यामुळे छापील प्रूफ पाहिल्याशिवाय होकार देऊ नका. अंकाचे नाव आकाशावर येणार, हे गृहीत धरा. ते कुठवर उतरेल ते मात्र आत्ताच ठरवा.

जुनी भिंत: चित्र कापण्याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट राहिली. छापण्याचा हक्क दिल्यानंतरही, आपल्या प्रतिष्ठेला बाधा आणणारी मोडतोड रोखण्याचा आणि आपले नाव सांगण्याचा अधिकार त्याच कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ने कलाकाराकडे राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातले अमरनाथ सेहगल यांचे भित्तिशिल्प सरकारने १९७९मध्ये उतरवून टाकले, तेव्हा ते शिल्प सरकारच्याच मालकीचे होते; तरीही २००५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचे अवशेष सेहगल यांना परत करायला लावले आणि ५ लाखांची भरपाई दिली. अर्थात छोट्या मानधनासाठी कोणी इतकी वर्षे लढणार नाही, म्हणून 'चित्रकाराच्या लेखी संमतीशिवाय कापू नये' हे वाक्य परवान्यात असलेच पाहिजे.

खारवट: सर्वांची मनापासून आभारी आहे. फोटो आहे, पण मोबाइलवरचा. ग्राहकांकडे रविवारी कॅमेरा घेऊन जाते आहे. संपादकांना आज पत्र पाठवले असून त्यात मुदत, श्रेयनिर्देश आणि न कापण्याची अट घातली आहे. ती चार माणसे काढून टाकली तर उरते ते फक्त आकाश, आणि चित्र मी त्या माणसांसाठीच काढले होते.