एकाच वर्गात बीए, बीकॉम, बीसीए… पर्यावरण शिकवायचं तरी कसं?

तासिका_मास्तर

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर आहे, मूळ विषय बॉटनी. वर्कलोड भरायचा म्हणून यंदा पर्यावरण माझ्या गळ्यात आलंय. बीए, बीकॉम, बीसीए सगळे एकत्र एका हॉलमध्ये, माईक कधी चालतो कधी नाही. यूजीसीच्या 2023 च्या आराखड्यात चार क्रेडिट आहेत म्हणे, आमच्या वाट्याला दोनच आलेत, त्यात गॅदरिंग, निवडणुकीची ड्युटी वगैरे जाऊन काय उरतं ते तुम्हीच समजा.

अडचण अशी की अन्नसाखळी काढली की पोरं म्हणतात सर हे दहावीत झालंय, बीओडी-सीओडी (पाणी किती घाण आहे याची मापं) काढलं की बीकॉमवाले मोबाईल काढतात, आणि कायदे सुरू केले की सगळेच झोपतात, त्याबाबतीत मात्र शाखाभेद नाही. 😅

प्रोजेक्टचं तर विचारूच नका. झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतात. ‘जलप्रदूषण : एक गंभीर समस्या’, कडेला फुलांची बॉर्डर, सगळ्यांच्यात ‘प्रदुषण’चा दु ऱ्हस्व. एका बहाद्दराने तर प्रमाणपत्राच्या पानावर दुसऱ्याच कॉलेजचं नाव ठेवून दिलंय.

तुम्ही कसं करता? शाखेनुसार वेगळं शिकवायचं की सगळ्यांना एकच? सिलॅबस पूर्ण झाला पाहिजे हा धोशा आहेच वरून.

कृष्णाकाठची

सर, तुम्ही सांगली जिल्ह्यात आहात आणि विषय शोधताय? 🙂 पूर घ्या ना. मी भूगोलाची आहे, 2019 नंतर मी हा पेपर जवळजवळ अख्खा पुरावरच शिकवते आणि सिलॅबसमधलं फारसं काही सुटत नाही, परिसंस्था, जमीनवापर, आपत्ती व्यवस्थापन, हवामानबदल, कचरा, कायदे, सगळं त्यात येतं.

आपल्याकडच्या पोराला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी मोजतात ती पाण्याची पातळी शिकवावी लागत नाही. 40 फुटाला इशारा, 45 ला धोका हे त्याला तोंडपाठ असतं, 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 च्या वर गेलं होतं हेही माहीत असतं, कारण त्याच्या मामाचं घर गावभागात असतं. पाणी सूर्यवंशी प्लॉटमध्ये आलं का, ही चौकशी तर तो शाळेत असल्यापासून ऐकतोय. मग सुरुवात व्याख्येपासून करायचीच कशाला?

बीसीएच्या पोरांना मी पूर नियंत्रण कक्षाचे रोजचे आकडे देते, कोयनेचा विसर्ग क्युसेकमध्ये आणि आयर्विनची पातळी फुटात, आणि विचारते, कोयनेतून पाणी सोडल्यावर सांगलीत किती तासांनी चढतं ते ग्राफवर दाखवा. तिथे त्यांना कळतं की नुसत्या कोयनेवर गणित बसत नाही, वारणेचं पाणी येतं, मधल्या पट्ट्यातला पाऊस येतो. बीकॉमवाले हरभट रोडच्या दुकानदारांकडे जातात, माल किती गेला, विमा होता का, पंचनाम्यात किती धरला आणि हातात किती आला. बीएवाले म्हाताऱ्या माणसांकडून 2005 च्या आणि 2019 च्या पाण्याच्या खुणा भिंतीवर दाखवून घेतात. हे सगळं शेवटी एकाच नकाशावर मांडायचं आणि त्यावर पूररेषा काढायच्या, निळी म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणारा. निळ्या रेषेच्या आत कुणाकुणाचे प्लॉट आहेत हे दिसायला लागलं की वर्गात जो गलका होतो तो बघण्यासारखा असतो, कारण काही प्लॉट त्यांच्याच घरचे असतात.

कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे आपल्याकडे पूर येतो का, यावर भांडण होणारच, होऊ द्या. 2019 नंतर पुराची कारणं तपासणाऱ्या वडनेरे समितीने अलमट्टीवर खापर फोडलं नव्हतं, अतिवृष्टी आणि पूरपट्ट्यातल्या अतिक्रमणांवर बोट ठेवलं होतं, आणि आपल्याकडे ते खूप जणांना आजही पटलेलं नाही. दोन्ही बाजू मांडायला लावा. पण नुसतं ‘कर्नाटकमुळे’ म्हणून कुणी खाली बसला तर त्याला परत उभं करा, आकडे मागा.

रोखठोक_नागपूर

मॅडमची पद्धत छानच आहे पण मला एक गोष्ट खटकते. बीसीएला ग्राफ, बीकॉमला हिशोब, बीएला मुलाखती, म्हणजे ज्याला जे येतं तेच त्याने परत केलं. मग हा पेपर सगळ्या शाखांना सक्तीचा कशाला ठेवलाय? 1991 साली पर्यावरणाचे खटले लढणाऱ्या वकील एम. सी. मेहतांच्या याचिकेत सुप्रीम कोर्टाने पर्यावरण शिक्षणाचं सांगितलं, यूजीसी हललं नाही, 2003 ला कोर्टाला पुन्हा कान धरावा लागला तेव्हा कुठे पदवीला हा कोर्स आला. त्यात असं नव्हतं की कॉमर्सवाल्याने फक्त नुकसानभरपाई शिकावी.

मी उलटं करतो. गटात प्रत्येक शाखेचा एकेक, आणि कामं मुद्दाम अदलाबदल. नाल्याच्या पाण्याचा नमुना बीकॉमच्या पोरीने घ्यायचा, बाटली काठोकाठ भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि तो का राहू द्यायचा नाही हे तिनेच गटाला सांगायचं. कबाडीवाल्याचा जमाखर्च सायन्सवाल्याने लिहायचा.

आणि बीओडी कॉमर्सला कळत नाही हे मला मान्यच नाही राव. गल्ल्यातली रोकड म्हणजे पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन, आणि घाण खाणाऱ्या जिवाणूंची देणी म्हणजे बीओडी. देणी वाढली की गल्ला रिकामा, मासे मेले. अंघोळीच्या पाण्याला बीओडी लिटरला 3 मिलिग्रॅमच्या आत आणि ऑक्सिजन 5 च्या वर हवा, एवढे दोन आकडे फळ्यावर लिहा आणि प्रदूषण मंडळाच्या वेबसाईटवरचा आपल्या नदीचा तक्ता समोर टाका. माझ्याकडे बीकॉमचीच पोरं सगळ्यात आधी ओरडतात, सर ही तर दिवाळखोर आहे!

बाकी तुम्ही बॉटनीचे म्हणून बिचकू नका. यूजीसीसाठी या कोर्सचं पुस्तक लिहिणारे पुण्याचे डॉ. एरच भरुचा मुळात सर्जन.

लेजर_आणि_लाडू

मी शिक्षक नाही, बीकॉम झालेय, आता एका ऑडिट फर्ममध्ये. आम्हाला पर्यावरण म्हणजे फुकटचे मार्क, आदल्या रात्री गाईड वाचून पास. आता रोज तेच समोर येतंय. सेबीने शेअर बाजारातल्या वरच्या 1000 कंपन्यांना बीआरएसआर सक्तीचा केलाय, म्हणजे वीज किती, पाणी किती, कचरा किती, उत्सर्जन किती हे सगळं दरवर्षी जाहीर करायचं. तुमच्या बीकॉमवाल्यांना एखाद्या कंपनीचा असा रिपोर्ट उघडून द्या आणि मागच्या वर्षीशी ताळा करायला सांगा, आकडे कुठे गोलमाल वाटतात ते शोधू द्या. नोकरीचं नाव काढलं की मोबाईल आपोआप खाली जातो. 😀

फोंड्याचो_सर

गोव्यातून. वर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, खरी कसरत वेगळीच आहे. विषय घरापर्यंत गेला की पोरं गप्प होतात. 2018 च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने 88 खाण लीजचं नूतनीकरण रद्द केलं, त्या सुमाराला माझ्या वर्गात ट्रकवाल्यांची मुलं होती, दारात ट्रक उभा आणि बँकेचा हप्ता चालू. त्याच बाकावर जिच्या घरच्या शेतात खाणीचा गाळ उतरायचा अशी मुलगी. मी त्या दिवशी ‘खाणकामाचे दुष्परिणाम’ म्हणून पाच मुद्दे लिहून दिले असते तर अर्धा वर्ग कायमचा गेला असता.

मी कागद वाचायला दिले. निकालातले निवडक परिच्छेद, बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल, लीजचे नकाशे. आधी सगळ्यांनी वाचायचं, मत नंतर. ट्रकवाल्याच्या मुलाने शेवटी जो प्रश्न विचारला तो कुठल्याच गाईडमध्ये नाही, लीज कंपनीचं चुकलं तर हप्ता आमचा का थकला? त्यावर दोन तास गेले. सिलॅबस राहिला थोडा, राहू दे.

तुमच्याकडे साखर कारखाने आहेत सर. मळी नदीत जाते हे शिकवाल तेव्हा समोरच्या पोराचा बाप ऊस उत्पादक सभासद असणार हे धरूनच चाला.

तासिका_मास्तर

मंडळी, मनापासून आभार. फोंड्याच्या सरांचं अगदी बरोबर, आमच्याकडे सभासद सोडा, संचालकांची पोरं पण वर्गात आहेत, त्यामुळे मळीला हात घालायच्या आधी माझं पुढच्या वर्षीचं सीएचबी आठवतं. पूर आधी, मळी नंतर.

गट नागपूरच्या सरांसारखे मिसळून करतो, विषय मॅडमचा घेतो. पण प्रोजेक्ट कॉपी झालंय की नाही ते एवढ्या पोरांत कसं पकडता? आणि आयर्विनचे मागचे आकडे मिळतील का?

कृष्णाकाठची

छापील काही घेऊच नका. हाताने लिहिलेली चार पानं, त्यात एक तरी त्यांनी स्वतः काढलेला नकाशा. मग गटाला टेबलापाशी बोलवायचं आणि दोनच प्रश्न. हा फोटो कुठे उभं राहून काढला? आणि त्या दुकानदाराने तुम्हाला उलट काय विचारलं? जो गेलेला असतो तो दुसऱ्याला हसतो, कारण दुकानदाराने हमखास विचारलेलं असतं की पैसे कधी मिळणार. जो गेलेला नसतो तो शेजारच्याकडे बघतो.

आकड्यांसाठी जलसंपदाच्या कार्यालयात कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज द्या, पावसाळा सोडून जा, जून ते सप्टेंबर त्यांना मान वर करायला वेळ नसतो. तोवर लोकल पेपरच्या जुन्या फायली वाचनालयात असतात, पुराच्या दिवसांत पातळी रोज छापलेली असते, एखाद्या गटाला तेच काम द्या. आणि नदीकाठी नेताना पालकांचं संमतीपत्र घ्या, घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तिथे सेल्फीला उतरू देऊ नका.