बाबांच्या आठवणी लिहा, फक्त 'देवमाणूस' म्हणू नका

धाकटी लेक
बाबांना जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्धाला प्रत्येकाकडे काहीतरी सांगण्यासारखं होतं, पण पंगत उठली आणि ते तिथेच राहिलं. म्हणून हा धागा. घरी, लाइनीवर, आजारपणात ज्यांनी त्यांना बघितलं त्यांनी लिहा. फक्त 'देवमाणूस' नको. दूधवाल्याशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालणारा माणूस होता तो.

माझ्यापासून सुरुवात. कोकण रेल्वे बांधली जात होती तेव्हा ते रत्नागिरीजवळ करबुड्याच्या बोगद्यावर होते. साडेसहा किलोमीटर लांबी, तेव्हाचा देशातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा. पुढे मी त्रिकोणमितीत अडले की ते तोच बोगदा वहीत काढायचे. "एका मिनिटाचा कोन चुकला. सव्वातीन किलोमीटर आत गेल्यावर किती सरकलीस?" उत्तर जवळजवळ एक मीटर. ते काढल्याशिवाय ताट वाढलं जायचं नाही.

वैभववाडीकडचे निवृत्त गँगमन (मुलगा टाइप करतोय)
२००३ च्या जूनात आमच्या हद्दीजवळ कटिंगमधले, म्हणजे रुळासाठी डोंगर कापलेल्या जागेतले, दगड रुळावर आले, गाडी घसरली, पन्नासच्या वर माणसं गेली. त्यानंतर पावसात गाड्यांचा वेग कमी केला, जाळ्या मारल्या, पेट्रोलिंग वाढलं. ही सगळी वरची कामं. साहेब मात्र रात्री आमच्यासोबत चालत यायचे. माझे बाबा म्हणतात ते तसंच लिहितो: "सायब बॅटरी रुळार कमी नी कटिंगार जास्त मारीत. आमका सांगत, पाणी नितळ आसा तवसर भियाव नको. गढूळ इलां की वर माती सुटली समजा नी गाडी थांबवा. पुढचां माझ्यार सोडा." एकदा बाबांनी खरंच गाडी थांबवली आणि दरड काही आली नाही. वरून विचारणा झाली. तो कागद साहेबांनी स्वतःच्या नावावर घेतला.

धाकटा भाऊ
दादाला आधी पोटात दुखलं नाही, ताप नाही. अंगाला खाज, डोळे पिवळे, वजन उतरलेलं, आणि घराण्यात कुणाला मधुमेह नसताना अचानक साखर. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. परळला टाटाला गेलो. व्हिपल नावाची शस्त्रक्रिया करायची होती. सर्जन समजावू लागले तसा दादाने खिशातून कागद काढून पुढे सरकवला, "आकृती काढा." स्वादुपिंडाचं डोकं, पित्ताशय, पित्तनलिकेचा तुकडा, लहान आतड्याची सुरुवात हे सगळं जाणार. उरलेलं स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर आतड्याला जोडायचं. दादा म्हणाला, "म्हणजे तीन सांधे. आधी गळतो कुठला?" डॉक्टर हसले. "स्वादुपिंडाचा. आमचीही झोप तोच उडवतो." नंतर पोटातून बाहेर काढलेल्या ड्रेनच्या नळीतलं पाणी नर्सच्या आधी दादा बघायचा, उजेडाकडे धरून.

दादरच्या धर्मशाळेतली शेजारीण (सूनबाई लिहून घेते आहे)
गाडगे महाराज धर्मशाळेत आम्ही शेजारी होतो. माझे मालक केमोवर, माझं वाचन कच्चं. गोळ्यांचा घोळ व्हायचा. भाऊंनी पुठ्ठ्यावर सूर्य, चंद्र आणि ताट काढून दिलं. ताट भरलेलं म्हणजे जेवून गोळी, रिकामं म्हणजे उपाशीपोटी. जेवणासोबत घ्यायची एक कॅप्सूल होती, तिच्यासाठी ताटात एक घास कमी काढलेला. चित्रं काही धड नव्हती. तो चंद्र मला पुष्कळ दिवस केळं वाटत होता.

थोरली लेक
केमो संपल्यावर दर तपासणीचा सीए १९-९ चा (रक्तातली या कॅन्सरची खूण, वाढली की काळजी) आकडा ते आलेखाच्या वहीत मांडायचे. वर्षभर रेघ सपाट होती. मग एका संध्याकाळी फोन. "कोकण रेल्वेला चढ दीडशेला एकपेक्षा जास्त ठेवला नव्हता. हा फार उभा आहे गं." पुढच्याच वाक्यात कुठल्या ठेवीला कुणाचं नॉमिनेशन आहे ते सांगायला लागले. मला तेव्हा राग आला होता, आणि अजूनही थोडा आहे. बापाने असा फोन करू नये.

आई
सगळ्यांनी चांगलं चांगलं लिहिलंय. दोन्ही मुली पावसाळ्यात झाल्या आणि दोन्ही वेळेला हे लाइनीवर होते, हेही असू दे इथे. रिटायर झाल्यावर पोळ्या शिकले. गोल होईनात म्हणून डब्याच्या झाकणाने कापायचे आणि कडांचा गोळा करून परत लाटायचे.

शेवटी त्यांना फोडणीचा वास सोसत नव्हता. मी मागच्या ओट्यावर जेवायची. खिडकीच्या आत खुर्ची ओढून, नाकाला रुमाल लावून ते बसून राहायचे. "आत जाऊन पडा" म्हटलं की "तू एकटी घाईघाईत जेवतेस" म्हणायचे. माझं ताट संपेपर्यंत उठायचे नाहीत.

धाकटा भाऊ
वहिनी, ती आलेखाची वही कुठे आहे? मला तिची झेरॉक्स हवी आहे.

आई
कपाटात आहे. झेरॉक्सला बाहेर देणार नाही. या, जेवा, आणि इथेच बसून बघा.