रोज ३० किलो मैद्यासाठी कोणता डो मिक्सर घ्यावा?

प्रश्न

नमस्कार. आमच्याकडे पिझ्झा आणि पाव मिळून रोज सुमारे ३० किलो मैदा भिजवला जातो आणि हे सगळे काम सध्या २० लिटरच्या एका प्लॅनेटरी मिक्सरवर चालते. एका घाण्याला ३ किलो मैदा घेतो, म्हणजे दिवसाला दहा घाणे होतात. पिझ्झ्याच्या पिठात पाण्याचे प्रमाण मैद्याच्या ५८ टक्के असते. चौथ्या-पाचव्या घाण्यानंतर यंत्राचा वरचा भाग हाताला चटका बसेल इतका तापतो, पीठ हुकावर चढून बसते आणि शेवटच्या घाण्यांचे गोळे आधीच्या गोळ्यांपेक्षा लवकर फुगून सैल पडतात. आता मोठे यंत्र घ्यायचे ठरवले आहे. विक्रेते ४० लिटरचा प्लॅनेटरी सुचवत आहेत, तर काही जाणकार स्पायरलच घ्या असे सांगतात. अधूनमधून बिस्किटांचे आणि केकचे मिश्रणही करावे लागते. दोन्ही यंत्रे वापरलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपण घाण्याचे वजन आणि पाण्याचे प्रमाण दोन्ही दिले आहे, त्यामुळे नेमके सांगता येईल. माझे मत स्पष्टपणे स्पायरलच्या बाजूने आहे, पण त्याचे कारण क्षमतेपेक्षा तापमानात आहे.

प्लॅनेटरीत भांडे स्थिर असते आणि हुक स्वतःभोवती फिरत भांड्याभोवतीही फिरतो. घट्ट पीठ त्या हुकाला एकच मोठा गोळा होऊन चिकटते, भांड्याच्या कडेवर आपटत राहते आणि त्या ओढाताणीचा सगळा भार गिअरवर येतो. स्पायरलमध्ये भांडेही फिरते, मधोमध एक स्थिर दांडा असतो आणि नागमोडी हुक एका वेळी पिठाचा थोडाच भाग तिंबतो. दांड्यामुळे पीठ वर चढत नाही. पीठ कमी वेळात तयार होते आणि कमी तापते.

किती कमी, हे आपल्याच यंत्रावर मोजून पाहा. मैदा, खोलीतील हवा आणि पाणी यांची तापमाने लिहून ठेवा आणि मळून झाल्यावर पिठात थर्मामीटर खुपसून त्याचेही तापमान घ्या. पिठाच्या तापमानाची तिप्पट करून त्यातून पहिल्या तिन्हींची बेरीज वजा केली की जे उरते ती यंत्राने घर्षणातून घातलेली उष्णता. समजा मैदा २७ अंश, खोली २८ अंश, पाणी १८ अंश आणि पीठ ३० अंशांवर उतरले, तर ९० मधून ७३ वजा जाऊन १७ हा आकडा येतो. आता तेच पीठ २४ अंशांवर हवे असेल तर ७२ मधून २७, २८ आणि १७ वजा करावे लागतील, म्हणजे शून्य अंशाचे पाणी लागेल. त्याच खोलीत घर्षणाचा आकडा ९ असलेल्या यंत्राला ८ अंशांचे पाणी पुरते आणि ते साध्या फ्रिजमधून मिळते. आपल्या शेवटच्या घाण्यांचे गोळे लवकर फुगतात ते बहुधा याच कारणाने, कारण यंत्र तापत जाते तसे पीठही प्रत्येक घाण्याला थोडे अधिक गरम उतरते. ४० लिटरचा प्लॅनेटरी घेतल्याने घाणे कमी होतील, पण हा मूळ दोष तसाच राहील.

क्षमतेबद्दल एक सावधगिरी बाळगा. प्लॅनेटरीची क्षमता भांड्याच्या लिटरमध्ये सांगतात आणि घट्ट पिठासाठी तो आकडा जवळजवळ निरुपयोगी असतो. स्पायरलची क्षमता किलोत सांगतात, पण ते किलो मैद्याचे की मळलेल्या पिठाचे, हे विचारून घ्यावे. पाणी जितके कमी, तितका घाणा लहान ठेवावा लागतो. चांगल्या उत्पादकांच्या माहितीपत्रकात पाण्याच्या प्रमाणानुसार कमाल वजनाचा तक्ता दिलेला असतो. तो नसेल तर लेखी मागून घ्या. आपण एका घाण्याला १५ किलो मैदा धरला तर ५८ टक्के पाणी, मीठ आणि तेल मिळून सुमारे २४ किलो पीठ होते. त्यासाठी मी ४० किलो पिठाची क्षमता असलेले, दोन वेगांचे यंत्र घेईन. दिवसाचे काम दोन घाण्यांत उरकेल आणि मोटर कधीच कमाल भारावर चालणार नाही.

जुना प्लॅनेटरी मात्र विकू नका. केक, क्रीम आणि बिस्किटे यांसाठी तोच योग्य आहे, कारण स्पायरलला फेटणी किंवा पॅडल लावता येत नाही. नवे यंत्र येईपर्यंत पीठ त्याच्यावरच मळावे लागणार असेल तर पहिल्याच वेगावर मळा आणि गिअरचे यंत्र असल्यास ते पूर्ण थांबवल्याशिवाय वेग बदलू नका. पाणी आणि मैदा नुसते एकत्र करून २० ते ३० मिनिटे झाकून ठेवले आणि मग मीठ व यीस्ट घालून मळले, तर मळण्याचा वेळही लक्षणीय घटतो.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे. काटा मिक्सरचा उल्लेख राहिला आहे, म्हणून लिहितो. त्यात दोन बोटांचा काटा संथपणे फिरतो, पीठ फारच कमी तापते, पण वेळ अधिक लागतो. युरोपीय संघाने २०१० मध्ये नेपल्सच्या पिझ्झ्याची जी कृती नोंदवली, तिच्यात १ लिटर पाण्याला सुमारे १.८ किलो मैदा घेऊन संथ वेगावर २० मिनिटे मळायला सांगितले आहे आणि त्यासाठी काटा मिक्सरलाच पसंती दिली आहे. आपण पावही करता आणि वेळ वाचवू इच्छिता, त्यामुळे आपल्याला स्पायरलच सोयीचा पडेल असे मला वाटते.

पैसे भरण्यापूर्वी मात्र वीजजोडणी पाहा. दोन वेगांची बरीच यंत्रे थ्री फेजवर चालतात. जोडणी सिंगल फेज असेल तर निवड तिथेच आखडते. दाराची रुंदीही मोजा, कारण ही यंत्रे जड असतात आणि उचलून आडवी करता येत नाहीत. भांड्यावरची जाळी उचलताच यंत्र थांबलेच पाहिजे. युरोपात डो मिक्सरसाठी ईएन ४५३ आणि प्लॅनेटरीसाठी ईएन ४५४ हे सुरक्षिततेचे मानक आहे. मी स्वतः जाळी सळ्यांची न घेता बंद झाकणाची घेतली, कारण मैदा टाकताना उडणारी धूळ वर्षानुवर्षे छातीत जाऊन दमा जडू शकतो. कामगारांसाठी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि खरेदीच्या वेळी तिचा विचार क्वचितच होतो.

जुने यंत्र घेणार असाल तर रिकामे भांडे दोन्ही हातांनी धरून हलवा. ते डुगडुगले तर बेअरिंग गेलेले आहे. हुकाच्या मुळाशी तेल ओघळलेले दिसले तर ते पुढे पिठातच पडणार, म्हणून असे यंत्र सोडून द्यावे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे आमचाच मैदा आणि थर्मामीटर घेऊन एका विक्रेत्याकडे ४० किलोच्या स्पायरलवर चाचणी घेतली. १२ किलो मैदा, संथ वेगावर ४ मिनिटे आणि जलद वेगावर ५ मिनिटे. मैदा २७, खोली २८ आणि पाणी १२ अंश असताना पीठ २५ अंशांवर उतरले, म्हणजे घर्षणाचा आकडा ८ आला. पिठाचा तुकडा बोटांवर ताणल्यावर न फाटता पलीकडचा उजेड दिसेल इतका पातळ पापुद्रा निघाला. आमच्या यंत्रावर असा पापुद्रा १५ मिनिटांनंतरही मिळत नसे. त्यानंतर मुद्दाम ३ किलो मैद्याचा घाणा लावला, तेव्हा पीठ दांड्याभोवतीच घोटाळत राहिले आणि हुकाखाली नीट आलेच नाही. विक्रेत्याने भांडे उलट फिरवून पाहिले, पण फारसा फरक पडला नाही. लहान घाण्यांसाठी काय करावे?

प्रतिसाद १

लहान घाणे जुन्या प्लॅनेटरीवरच करा. प्रत्येक स्पायरलला किमान वजनाचीही मर्यादा असते आणि ती माहितीपत्रकात कमाल वजनाइतक्या ठळकपणे छापत नाहीत, म्हणून मुद्दाम विचारून घ्यावी. आकडा ८ आला हे उत्तम झाले. त्याच हवेत २४ अंशांच्या पिठासाठी ९ अंशांचे पाणी घ्या. मात्र १५ किलोच्या घाण्याला हा आकडा थोडा बदलू शकतो, म्हणून पहिले आठ-दहा दिवस प्रत्येक घाण्याची चारही तापमाने यंत्राशेजारी लावलेल्या कागदावर लिहून ठेवा. खोलीचे तापमान ३४ अंशांवर गेले की याच हिशेबाने ३ अंशांचे पाणी लागेल. तेव्हा थोडा बर्फ चुरून घाला आणि त्याचे वजन पाण्यातच धरा, नाहीतर पीठ सैल होईल.